डिझेल पिकअपचा पिवळा दिवा : भरवसा किती ठेवायचा?



या पानावर एरवी कोलेस्टेरॉल, निवृत्तीचे फंड, भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी प्रवासी विमा असले विषय असतात. त्यांत ट्रकच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कुठून आला, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. संपादिका काकूंनाही वाटलं होतं. मग त्यांना गेल्या जुलैतली आमची हकिकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहूनच दे. तब्येत आणि पैसा दोन्ही आहे यात."

दुसरं कारण असं, की आपल्या मंडळात डिझेल पिकअप वाढल्या आहेत. ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर ओढायला एक आहे, दोघा-तिघांनी डॅलसबाहेर जमीन घेतल्यापासून ट्रॅक्टर वाहायला घेतल्या आहेत, आणि आमच्यासारखे काही जण सुट्टीत राहण्याचा ट्रेलर मागे लावून हिंडतात. आपण सगळे लहानपणी स्कूटरला रिझर्व्हचा कॉक असलेल्या घरांत वाढलो. गाडी गचके द्यायला लागली की खाली वाकून कॉक फिरवायचा आणि पंप गाठायचा. त्यामुळे "दिवा लागला की भरू" ही सवय आपल्या रक्तातच आहे. पेट्रोलच्या गाडीत ती सवय फार तर लाज आणते. डिझेलच्या गाडीत ती महागात पडते.

आधी हकिकत सांगतो. मी पाच वर्षांपूर्वी एक जुनी पाऊणटनी डिझेल पिकअप घेतली. टाकी ३४ गॅलनची. गेल्या जुलैत बाबा साताऱ्याहून आले होते. वय ७४, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. मुलांना फोर्ट डेव्हिसजवळची मॅक्डॉनल्ड वेधशाळा दाखवायची होती, म्हणून ट्रेलर जोडून आम्ही डॅलसहून आय-२० ने पश्चिमेला निघालो. ॲबिलीनला टाकी काठोकाठ भरली. तिथून पेकॉस २४५ मैल. पेकॉसला पोचलो तेव्हा काटा पावच्या जरा वर होता आणि पडद्यावर "आणखी ९० मैल" असा आकडा होता. फोर्ट डेव्हिस ७५ मैलांवर. उन्हं उतरायच्या आत मुक्कामाला पोचावं म्हणून मी पंपावर वळलो नाही. वाटेत बाल्मोरियाला पंप आहे, दिवा लागलाच तर तिथे भरू, असा हिशेब केला.

बाल्मोरिया आलं. काटा होता तिथेच. दिवा नाही. आकडा ९० वरून ८५ वर आलेला. जवळजवळ चाळीस मैल चाललो आणि आकडा फक्त पाचने उतरला, तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी मात्र सौ.ला म्हणालो, "बघ, काय ॲव्हरेज देतेय गाडी!" बाल्मोरियापुढे अठरा मैलांवर, चढावर, इंजिनानं दोन आचके दिले आणि गाडी शांत झाली. बाहेर १०२ अंश फॅरनहाइट, फोनला रेघ नाही, मागे ट्रेलर, आत दोन मुलं आणि बाबा. त्या क्षणीही काटा पाववर उभा होता आणि दिवा विझलेला होता.

बाबांनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. ते खाली उतरले, टाकीच्या झाकणाशी कान लावला, बुक्कीने टाकी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "रिकामी आहे. आता डिझेल घातलंस तरी चालू व्हायची नाही. एअर धरली असणार." मी कंप्युटरवाला. मला वाटत होतं, काहीतरी इलेक्ट्रिकल बिघाड असेल, कारण काटा तर पाववर आहे!

पुढे काय झालं ते सांगतोच. आधी त्या दिव्याच्या आत काय असतं ते पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे.

एकाच तोंडची तीन साक्ष

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. त्याला दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक सरकती पट्टी. ही पट्टी एका विद्युतरोधाच्या पाटीवरून घासत जाते. डिझेल खाली गेलं की फ्लोट खाली, पट्टी सरकते, रोध बदलतो, आणि तो बदल डॅशबोर्डवर काट्याच्या रूपाने दिसतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवण्याचं बटण आठवा. काही वर्षांनी ते फिरवताना खरखर यायची, कारण आतली पाटी झिजलेली असायची. टाकीतलंही तसंच झिजतं. शिवाय आपण बहुतेक वेळ काटा अर्ध्या आणि पावच्या दरम्यान ठेवतो, म्हणून पाटी नेमकी तिथेच जास्त घासते. माझ्या गाडीत दांडा तिथेच अडकत होता.

१९८०-९० च्या दशकांतल्या बऱ्याच गाड्यांत दिव्याची सोय काट्यापासून वेगळी असायची. टाकीच्या तळाजवळ थर्मिस्टर नावाचा छोटा मणी बसवलेला असे. तो डिझेलात किंवा पेट्रोलात बुडालेला असेपर्यंत थंड राहतो आणि वीज नीट जाऊ देत नाही. इंधन खाली जाऊन तो उघडा पडला की स्वतःच्याच उष्णतेने तापतो, त्याचा रोध उतरतो आणि दिवा पेटतो. म्हणजे काटा बिघडला तरी दिवा स्वतंत्र, आणि दिवा बिघडला तरी काटा स्वतंत्र. दोन वेगळे साक्षीदार.

आजच्या गाड्यांत बहुधा तसं नसतं. फ्लोट एकच. त्याचा आकडा कंप्युटरकडे जातो. कंप्युटर त्यावरून काटा हलवतो, त्याच आकड्यावरून दिवा लावायचा की नाही ते ठरवतो, आणि त्याच आकड्याला अलीकडच्या ॲव्हरेजने गुणून "आणखी इतके मैल" असं सांगतो. पाहणाऱ्याला वाटतं, काटा, दिवा आणि मैल अशी तीन माणसं एकच गोष्ट सांगताहेत म्हणजे खरीच असणार. प्रत्यक्षात तिघांनी ती एकाच्याच तोंडून ऐकलेली असते. आमच्या धंद्यात अशा रचनेला फार वाईट मानतात. बँकेचं किंवा विमानाचं सॉफ्टवेअर कोणी असं लिहिलं तर त्याला घरी बसवतील. गाडीत चालतं, कारण फ्लोट सहसा वर्षानुवर्षं नीट चालतो आणि पेट्रोलच्या गाडीत चुकला तरी फारसं काही जळत नाही.

बिघाड झाला की गाडी कोणत्या बाजूला चुकते, हाही एक गमतीचा भाग आहे. जुन्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असं माप होतं. जुन्या फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये उलटं, रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरलेल्याला सुमारे १०. आता टाकीकडे जाणारी वायर तुटली तर रोध अमर्याद होतो. मग पहिल्या प्रकारात काटा "फुल"च्याही पुढे जाऊन बसणार आणि दुसऱ्या प्रकारात "रिकामी" दाखवणार. दोन्ही खोटंच, पण दुसरं खोटं तुम्हाला पंपावर नेतं आणि पहिलं तुम्हाला रस्त्यात सोडतं. नव्या गाड्यांत कंप्युटर असा अशक्य आकडा ओळखतो. दांडा अडकला तर मात्र आकडा अशक्य नसतो, नुसता चुकीचा असतो, आणि तो ओळखणं कठीण. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी पी ०४६१ नावाचा कोड असतो. इतके मैल गाडी चालली, इतकं इंधन इंजेक्टरांतून गेलं, तरी टाकीची पातळी बदलली नाही, असं लक्षात आलं की कंप्युटर तो नोंदवून ठेवतो. पण "लक्षात येण्या"साठी त्याला पुरेसे मैल लागतात. गॅरेजवाल्याने माझ्या गाडीला यंत्र लावलं तेव्हा हा कोड आत मुकाट बसलेला होता. कधीपासून, ते देव जाणे. अमेरिकेत पार्ट्सची बरीच दुकानं कोड फुकट वाचून देतात, किंवा वीस-तीस डॉलरचं यंत्र मिळतं. लांबच्या प्रवासाआधी आता मी ते लावून पाहतो.

चढ, उतार आणि लांबट टाकी

समजा फ्लोट ठणठणीत आहे. तरीही पिकअपच्या दिव्याला एक अडचण राहते, ती टाकीच्या आकाराची. मोटारीची टाकी मागच्या सीटखाली आटोपशीर असते. पिकअपची टाकी चॅसिसच्या बाजूने लांबच लांब पसरलेली असते.

शाळेतल्यासारखं एक गणित करू. टाकी ५० इंच लांब, १३ इंच रुंद, १२ इंच उंच धरा. ही जवळजवळ ३४ गॅलन होते. तिच्यात चार गॅलन उरले तर तळावर किती उंचीचं डिझेल असेल? एक गॅलन म्हणजे २३१ घनइंच. चार गॅलन ९२४ घनइंच, भागिले ६५०, म्हणजे जेमतेम १.४ इंच. आता गाडी सहा टक्के चढावर घ्या. डोंगरी हायवेवर असे चढ नेहमीचे. ५० इंच लांबीत पातळीचा फरक पडतो तीन इंच. म्हणजे टाकीच्या पुढच्या टोकाला जमीन कोरडी आणि मागच्या टोकाला जवळजवळ तीन इंच डिझेल. फ्लोट पुढे असेल तर तो सांगणार "संपलं", मागे असेल तर सांगणार "दुप्पट आहे", आणि बरोबर मध्ये असेल तरच खरं बोलणार. घाट उतरताना सगळं उलटं.

हे टाळायला फ्लोट शक्यतो मध्याजवळ ठेवतात, डिझेल खेचणाऱ्या नळीभोवती एक छोटी वाटी ठेवतात म्हणजे हिंदकळून नळी लगेच उघडी पडू नये, आणि कंप्युटर फ्लोटचा प्रत्येक झोका खरा न मानता काही काळाची सरासरी घेतो. सरासरी घेतल्याने काटा नाचत नाही, पण त्याचा मोबदला म्हणून तो उशिरा बोलतो. सपाट रस्त्यावर हा उशीर किरकोळ. चढावर, मागे सहा-सात हजार पौंडांचा ट्रेलर असताना, गाडी डिझेल अक्षरशः पिते, तेव्हा तेवढ्या उशिरात मैलभर रस्ता जातो.

आमच्या बाबतीत तेच झालं असावं. पेकॉस समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फुटांवर, फोर्ट डेव्हिस ४,९०० च्या आसपास. शेवटचा गॅलनभर टाकीत होता, पण मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, नळीच्या हाती लागेना.

ज्यांनी टाकी बदलून मोठी बसवून घेतली आहे, किंवा मागच्या हौद्यात जादा टाकी ठेवली आहे, त्यांनी दिव्याला जवळपास विसरावं. कारखान्यातून आलेला हिशेब त्या कारखान्याच्या टाकीच्या आकारावर बेतलेला असतो. हौद्यातली टाकी आपोआप खाली ओतत राहिली तर काटा शेकडो मैल हलत नाही आणि मग एकदम घसरायला लागतो. सेकंडहँड गाडी घेताना टाकी मूळचीच आहे का, हे विचारायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवा गॅलन सांगतो, आपल्याला हवे असतात मैल

दिवा लागतो तेव्हा टाकीत साधारण ठराविक डिझेल उरलेलं असतं. माझ्या गाडीत किती, ते मी सेन्सर बदलल्यावर मोजलं. रीत सोपी आहे. दिवा लागला की जवळच्याच पंपावर जायचं, सावकाश भरायचं, नळ पहिल्यांदा टक् करून बंद झाला की थांबायचं, आणि मॅन्युअलमधल्या क्षमतेतून भरलेले गॅलन वजा करायचे. तीनदा केलं. भरले २९.१, २८.६ आणि ३०.२. म्हणजे उरले होते ४.९, ५.४ आणि ३.८. तिसऱ्या वेळी दिवा लागला तो उड्डाणपुलाच्या चढावर, म्हणून तो आकडा वेगळा असावा. डिझेलला फेस फार येतो आणि फेसानेही नळ लवकर बंद होतो. म्हणून शक्यतो एकाच पंपावर, हळू धारेने मोजा. मोठ्या ट्रकांसाठीचे जाड नळ मोजमापाला उपयोगाचे नाहीत.

सरासरी पावणेपाच गॅलन धरा. त्यातला एक नळीला न मिळणारा म्हणून सोडा. उरले पावणेचार. मोकळी गाडी हायवेवर १८ मैलांचं ॲव्हरेज देते, म्हणजे ६७ मैल. ट्रेलर जोडला की साडेनऊ, म्हणजे ३५ मैल. ट्रेलर, चढ आणि समोरून वारा असेल तर आठ, म्हणजे ३० मैल. तोच दिवा, तेवढंच डिझेल, आणि अंतर निम्म्याहून कमी. दिव्याला बिचाऱ्याला ट्रेलरचं काही माहीत नसतं.

पडद्यावरच्या "आणखी इतके मैल"ला थोडंफार माहीत असतं, पण भूतकाळातलं. तो आकडा मागच्या काही मैलांच्या ॲव्हरेजवर काढलेला. आठवडाभर मोकळी गाडी ऑफिसला नेली आणि शनिवारी सकाळी ट्रेलर जोडला, की पहिले कित्येक मैल तो शुक्रवारच्या हिशेबाने बोलत असतो. काही नव्या गाड्या ट्रेलर जोडल्याचं ओळखून वेगळा हिशेब ठेवतात. तुमची ठेवते का, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

आमच्या वाटेवर हे मांडून पाहिलं तेव्हा झोप उडाली. पेकॉसपर्यंत २४५ मैल, साडेनऊच्या ॲव्हरेजने जवळजवळ २६ गॅलन गेले. उरले आठ. पुढे चढ, म्हणून आठचं ॲव्हरेज. बाल्मोरियापर्यंत ३७ मैलांत साडेचार गॅलन. म्हणजे फ्लोट नीट असता तर दिवा बाल्मोरियाच्या आधी लागला असता, आणि मी पंपावर वळलो असतो. माझा विश्वास अगदीच वेडगळ नव्हता. पण हा सगळा हिशेब करायला लागणारे दोनच आकडे, शेवटचं भरल्यापासूनचे मैल आणि ट्रेलरसहचं ॲव्हरेज, माझ्यासमोर डॅशबोर्डवरच होते. मैलांची नोंद फ्लोटवर अवलंबून नसते, चाकांवरून येते. तीच खरी दुसरी साक्ष.

आता आमच्या गाडीत एक वही असते. टाकी भरली की ट्रिपमीटर शून्य करायचा, मैल आणि गॅलन लिहायचे. ट्रेलर असला तर २०० मैलांवर भरायचं, काटा काहीही म्हणो. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलाइना हा टप्पा शंभर मैलांहून जास्त आहे आणि मध्ये एकही पंप नाही. असल्या रस्त्यांवर टप्प्याच्या तोंडाशी भरायचं, मग टाकी अर्धी का असेना. भरलेल्या टाकीचं ओझं ओढायला जास्त डिझेल लागतं, असं एका मित्राने सांगितलं. एका गॅलनला सात पौंड. वीस गॅलन जादा ठेवले तर १४० पौंड, म्हणजे एक माणूस. चार टन गाडी आणि तीन टन ट्रेलरपुढे तो हिशेब सोडून द्या.

एअर धरली म्हणजे काय

पेट्रोलची गाडी संपली तर गॅलनभर घाला, दोन-तीनदा स्टार्टर मारा, निघते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. त्यासाठी हल्लीच्या इंजिनांत २९,००० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत दाब लागतो. नळ्यांत हवा शिरली तर पंप ती हवाच दाबत बसतो, दाब तयार होत नाही. आणखी वाईट म्हणजे या पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. कोरडा फिरला तर आतले भाग एकमेकांवर घासतात आणि धातूचा कीस सुटतो. तो इंजेक्टरांत गेला की पंप, रेल, नळ्या, इंजेक्टर सगळंच बदलावं लागतं, आणि बिल दहा हजार डॉलरच्या घरात जाऊ शकतं. डिझेल संपवून झालेलं नुकसान वॉरंटीत धरतात का, तेही वाचून ठेवा.

म्हणून गाडीने आचके दिले की ॲक्सिलरेटर दाबून "पुढच्या वळणापर्यंत" नेऊ नका. लगेच बाजूला घ्या, बंद करा. निम्मं वाचवणं तिथेच असतं.

आम्हाला तासाभराने एक रँचवाला भेटला. त्याच्या हौद्यात डिझेलची टाकी होती. पिवळ्या कॅनमध्ये पाच गॅलन दिले. (इथे लाल कॅन पेट्रोलचा, निळा रॉकेलचा, पिवळा डिझेलचा. पंपावरच्या नळाच्या रंगावर मात्र विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी हिरवा नळ डिझेलचा असतो आणि काही कंपन्यांकडे हिरवाच पेट्रोलचा.) त्याने पैसे घेतले नाहीत. सौ.ने दिलेला चिवड्याचा डबा मात्र घेतला.

मग बाबा म्हणाले, "हातपंप कुठाय? एअर काढू." नव्या गाड्यांत तो बहुधा नसतो. टाकीतून डिझेल वर ढकलणारा एक विजेचा पंप असतो. स्टार्टर न मारता किल्ली "ऑन"वर ठेवली की तो थोडा वेळ चालतो आणि थांबतो. किल्ली बंद, परत ऑन, असं पाच-सहा वेळा केलं की नळ्या पुन्हा भरतात. मगच स्टार्टर, आणि तोही मॅन्युअलमध्ये दिलेल्या सेकंदांपेक्षा जास्त नाही. आमची गाडी तिसऱ्या प्रयत्नात धडधडत चालू झाली. नंतर फिल्टर बदलून घेतला, त्यात धातूचा कीस निघाला नाही. सेन्सर बदलायला काही शे डॉलर गेले. सुटलो.

पिवळ्या दिव्यांची भावंडंही डॅशबोर्डवर असतात. डिझेलात पाणी आल्याचा दिवा वेगळा, तो लागला तर फिल्टरखालचा पाण्याचा नळ उघडून पाणी काढायचं असतं. डीईएफचा वेगळा, ती युरियाच्या पाण्याची दुसरी टाकी. ते पाणी चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर किल्लीला हातही लावू नका, टो करून न्या.

आता तब्येतीचं. त्या तासाभरात मी घाबरलो होतो तो गाडीसाठी नाही. वापरात असलेलं इन्सुलिन ८६ अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवायचं असतं, आणि बंद गाडीत उन्हाळ्यात १२० अंशांच्या वर तापमान सहज जातं. बाबांचं पेन नशिबाने बर्फाच्या खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून होतं. इन्सुलिन गोठलं तर तेही निकामी होतं, म्हणून थेट बर्फावर ठेवत नाहीत. दुपारचं इन्सुलिन नाही, पण सकाळचं घेतलेलं होतं आणि जेवण लांबत होतं, त्यामुळे साखर उतरायची भीती जास्त. मोजली तर ७४. चिक्कीचे दोन तुकडे आणि फळांच्या रसाचा डबा दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ९६. मग सगळे ट्रेलरच्या सावलीत, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला, पाणी पीत बसलो. आता ट्रेलर निघाला की माणशी एक गॅलन पाणी, ग्लुकोजच्या गोळ्या आणि एक सतरंजी हौद्यात पडलेली असते. डिझेलचा पिवळा कॅनही असतो, पण बाहेर, घट्ट बांधलेला, माणसं बसतात तिथे कधीच नाही.

रस्त्यावर मदत करणाऱ्या क्लबचे सभासद आपण बहुतेक सगळे आहोत. साध्या सभासदत्वात मागचा ट्रेलर बऱ्याचदा धरलेला नसतो, आणि गाडीच्या वजनालाही मर्यादा असते. माझ्या कागदात ते दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत होतं. वरच्या दर्जाचं सभासदत्व घेतलं. शिवाय जिथे फोनच लागत नाही तिथे क्लबला कळवणार कसं, म्हणून निघताना डॅलसमधल्या एका मित्राला रस्ता आणि पोचायची वेळ सांगून ठेवतो. दोन तास उलटून गेले तर त्याने फोन करायचा.

किल्ली "ऑन" केली की क्षणभर सगळे दिवे पेटतात, ते बघायची सवय लावा. तो दिवा त्या वेळी पेटला नाही, तर पुढेही पेटणार नाही. माझा पेटत होता हं. दिवा बिचारा चांगलाच होता, त्याला कोणी निरोपच दिला नाही.

बाबा साताऱ्याला परतताना विमानतळावर म्हणाले, "आमचा ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी टाकीत काठी बुडवून बघायचा. तुमच्या टाकीत काठी जाते का?" जात नाही. नव्या टाक्यांच्या तोंडाशी झडप असते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली आणि एका बेरजेवर बोट ठेवलं. दोन गॅलनची चूक होती.

पथकाचा ट्रेलर घेऊन ह्यूस्टनला जाणाऱ्या मंडळींनी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, आरतीनंतर, मागच्या पार्किंगमध्ये भेटावं. कोड वाचायचं यंत्र माझ्याकडे असेल. मॅन्युअल आणि शेवटच्या तीन वेळा डिझेल भरल्याच्या पावत्या बरोबर आणा, म्हणजे तुमच्या गाडीचा दिवा किती गॅलनला लागतो ते तिथेच काढू.